खुंटा कोणाच्या हाती? जात्यापासून मोबाइलपर्यंत



आज मोबाइलबद्दल आणि त्यातल्या घरच्या कामाला येणाऱ्या अ‍ॅपबद्दल बोलायचं आहे. पण मी सुरुवात करणार जात्यापासून. तुम्ही म्हणाल, "व बाई, मोबाइलचं सांगाले बसली अन् हे जातं कुठून काढलं?" कारण आहे. आपल्या वऱ्हाडातल्या घरात बाईच्या हाताला लागलेलं हे फार जुनं यंत्र. हो, यंत्रच ते. खाली एक दगड, वर एक दगड, मधे खीळ आणि धरायला लाकडाचा खुंटा. वीज नको, तेल नको. चालायचं ते बाईच्या दंडावर.

पाच-सहा माणसांच्या घराला रोजच्या भाकरीपुरती ज्वारी दळायची म्हणजे पहाटेचा तास-दीड तास गेलाच. घरात लग्न निघालं की रात्र. हाताला घट्टे पडायचे, खांदे भरून यायचे. बाळंतीण उठली की महिन्या-दीड महिन्यात पुन्हा जात्यावर. या कष्टाचं गोडवं गाणारे लोक बहुतेक जात्यावर कधी बसलेले नसतात, हे आधी सांगून टाकते.

पण एक गोष्ट खरी. जात्याचा खुंटा बाईच्या हातात होता. पहाटे जात्यापाशी दोघी समोरासमोर बसल्या की तिथं तिसऱ्याचं काम नसे. सासूचं, माहेराचं, नवऱ्याचं, विठ्ठलाचं, जे दिवसा बोलता येत नाही ते सगळं ओवीतून बाहेर यायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतेवँ या दोन अभ्यासकांनी १९८० नंतर खेडोपाडी फिरून या ओव्या गोळा करवल्या. एक लाखाहून जास्त ओव्या लिहून निघाल्या. एवढ्या ओव्या रचणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणींना अक्षर येत नव्हतं. आज यातल्या पुष्कळ ओव्या 'पारी' नावाच्या संकेतस्थळावर आहेत, काही तर त्या-त्या बाईच्या आवाजात, आणि ऐकायला पैसे पडत नाहीत. गटातल्या एखादीच्या मोबाइलवर काढून ऐका. मोबाइलचा एक उपयोग इथंच झाला.

मग चक्की आली. शहरात आधी, खेड्यात बहुतेक ठिकाणी स्वातंत्र्यानंतर. सुरुवातीला ऑइल इंजिनवर चालायची. पट्टा फिरायचा, इंजिनाचा पुक-पुक आवाज गावभर जायचा, आणि बायांच्या पहाटेतला दीड तास मोकळा झाला. आपल्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यात एवढा मोठा बदल दुसऱ्या कोणत्याही यंत्रानं एकदम केला नसेल.

तेव्हा चक्कीला विरोधही झाला. आपल्या शेजारच्या वर्ध्यात १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. गांधीजींचं आणि त्यांचं म्हणणं होतं की हातचं पीठ, हातसडीचा तांदूळ हाच चांगला; गिरणीत कोंडा जातो, सत्त्व जातं आणि गावातला रोजगारही जातो. आरोग्याच्या दृष्टीनं त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. गांधीजी आश्रमात स्वतः दळायला बसत, हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पण त्यांचं ऐकून घरोघरचे किती पुरुष जात्यावर बसले? "चक्कीचं पीठ गरम होते, त्याची भाकर गोड लागत नाही," असं म्हणणारे पुष्कळ होते. खुंटा धरायला मात्र कोणी पुढं आलं नाही. बायांनी पायली डोक्यावर घेतली आणि सरळ चक्कीची वाट धरली. शहाण्याच होत्या.

आता यातली बारीक गोष्ट बघा. जात्याला पैसे लागत नव्हते, चक्कीला लागायला लागले. दळणाचे पैसे कोणाकडे मागायचे? नवऱ्याकडे, नाही तर सासऱ्याकडे. काही ठिकाणी चक्कीवाला दाणेच कापून घ्यायचा, तेव्हा थोडं सोपं जायचं. आणि तो वाचलेला दीड तास कुठं गेला? आरामात गेला असं मला कोणी सांगितलं नाही. तो निंदणाला गेला, कापूस वेचायला गेला, पाण्याच्या रांगेत गेला. म्हणजे यंत्रानं कष्ट वाचवले, पण मोकळ्या झालेल्या वेळाची मालकी बाईकडे आपोआप आली नाही. मोबाइलबद्दल बोलताना हेच लक्षात ठेवायचं आहे.

जात्याच्या आधीच एक यंत्र आपल्या घरातून गेलं होतं, ते म्हणजे चरखा. त्याची गोष्ट जास्त कडू आहे. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. इंग्रजांना इथला कापूस पाहिजे होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आपल्या भागातून पुढं सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. जाताना गाडीत कापसाच्या गाठी, येताना विलायती सूत आणि कापड. तोवर सरकी काढणं हातरेच्यावर व्हायचं, सूत कातणं घरी व्हायचं, आणि दोन्ही कामांत बाया होत्या. सुताचे चार पैसे बाईच्या हाती यायचे. हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचे कापूस आयुक्त त्या काळी मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. विलायती माल इथं खपला म्हणजे कातणं-विणणं करणारे हात कापसाच्या शेतीला मोकळे होतील, असा त्यांचा सरळ हिशेब होता. झालंही तसंच. अमरावती, अकोला, खामगाव इथं जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. तिथं पुन्हा बायाच कामाला गेल्या, पण आता रोजानं, मालकाच्या आवारात, कापसाच्या भुरक्यात. रेचा घरातून गेला आणि त्याच्याबरोबर मिळकतही दुसऱ्याच्या हातात गेली.

याच्या उलट गोष्ट शिलाई मशीनची. १८५१ मध्ये अमेरिकेत आयझॅक सिंगरनं आपल्या मशीनचं पेटंट घेतलं आणि पुढं त्याच्या कंपनीनं ती हप्त्यानं विकायची रीत पाडली. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका मुलाखतीत या यंत्राला मात्र सूट दिली. आपल्याकडे सुरुवातीला मशीनवर शिंपीदादाच बसायचा. नंतर ती घरात आली, आणि ज्या घरात आली तिथं बाईच्या बटव्यात तिचे स्वतःचे पैसे आले. फॉल-पिको असो की शाळेचा गणवेश, गिऱ्हाईक तिचं, माप तिचं, उधारीची वही तिची. बचत गटाचं पहिलं कर्ज अनेक जणींनी शिलाई मशीनसाठी काढलं, ते काही उगाच नाही.

बचत गटाचं नाव निघालंच तर सांगते. आपल्या राज्यात असा पहिला गट १९४७ साली अमरावती जिल्ह्यातच बायांनी चार-चार आणे जमवून सुरू केला, असं या चळवळीच्या इतिहासात सांगितलं जातं. पुढं १९७५ मध्ये माविम निघालं, १९९२ मध्ये नाबार्डनं गट बँकेशी जोडायला सुरुवात केली. पण चार आण्यांची गोष्ट आपल्या जिल्ह्याची, म्हणून मला ती आवडते.

चुलीचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत बिनधुराची मगन चूल तयार झाली, तिचं नाव झालं, पण घरोघर काही पोहोचली नाही. रॉकेलचा स्टोव्ह आला, त्याच्या भडक्यात कितीतरी सुना गेल्या. त्यातल्या सगळ्याच काही अपघातानं गेल्या नाहीत. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅसचं कनेक्शन बाईच्या नावावर मिळायला लागलं. ही गोष्ट मोठी आहे. पण दुसरं सिलिंडर भरायचे पैसे पुन्हा दुसऱ्याच्या खिशात, म्हणून गॅस शोभेला आणि पऱ्हाट्या-तुराट्या चुलीत, असं कितीतरी घरांत अजून आहे. मिक्सर आला, तर लोडशेडिंगनं त्याला बसवून ठेवलं. अकोला जिल्ह्यात पारसला वीज तयार होते, आणि २००५ च्या पुढची काही वर्षं त्याच जिल्ह्यातल्या गावांत दहा-दहा, बारा-बारा तास लाइन नसायची. पाटा-वरवंटा कोणी फेकला नाही, तो त्यामुळंच.

एका यंत्राबद्दल मात्र जरा थांबून बोलायचं आहे, कारण ते आपलं, इथलं आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झालं. त्या विद्यापीठानं लहान डाळ गिरणी तयार केली. लोक तिला पीकेव्ही मिनी दालमिल म्हणतात. आधी तुरीची डाळ घरी करायची म्हणजे काय व्हायचं ते जुन्या बायांना विचारा. तूर भिजवा, तेल-पाणी लावा, उन्हात वाळवा, जात्यावर भरडा, सुपानं पाखडा, राहिलेली पुन्हा भरडा. आठवडा जायचा, आणि चुरी व्हायची ती वेगळीच. म्हणून लोक तूर बाजार समितीत विकून मोकळे व्हायचे आणि डाळ दुकानातून आणायचे. आपलीच तूर शहरातल्या मोठ्या मिलमधून फिरून दुप्पट भावानं आपल्या ताटात यायची. मिनी दालमिल एका खोलीत बसते, गावातल्या विजेवर चालते, आणि बचत गट ती चालवू शकतो. विदर्भात अनेक गटांनी ती घेतली. गावची तूर गावात डाळ झाली, भरडाईचे पैसे गटाच्या खात्यात आले, चुरी आणि टरफल ढोराच्या पुढ्यात गेलं. रेच्याच्या वेळी जे घराबाहेर गेलं होतं, त्यातलं थोडं या मशीननं परत गावात आणलं, असं मी समजते.

आता ऐकायच्या यंत्राकडे येऊ. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा, पोस्टात पैसे भरायचे. रेडिओ कुठं असायचा? बैठकीत, घरधन्याच्या डोक्याशी. बटण त्याच्या हातात. बातम्या, बाजारभाव संपले की बंद. आतल्या बाईला गाणं ऐकायचं तर भिंतीला कान लावून. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला तेव्हा तो शेतात गेला, तोही बहुतेक धुऱ्यावर त्याच्याच खांद्याला. २००६ मध्ये सरकारनं धोरण बदललं आणि गावोगावच्या संस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र काढायची परवानगी मिळाली. २००८ मध्ये आताच्या तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायांनी संघम रेडिओ सुरू केला. बोलणाऱ्या त्या, यंत्र चालवणाऱ्याही त्याच. आज तुम्ही-आम्ही असं मोकळं बोलतो आहोत, ते या बदलामुळं.

आणि आता फोन. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला झाला. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. ते २००३ मध्ये बंद झाले. त्यानंतर आपल्याकडे मिस कॉलचं राज्य आलं. एक रिंग म्हणजे पोहोचली, दोन म्हणजे तू फोन कर. माहेरी-सासरी बिनपैशाची ही तारायंत्राची भाषा बायांनीच तयार केली; कोणत्या कंपनीनं शिकवली नाही. मला विचाराल तर वऱ्हाडातल्या बायांनी वापरलेलं पहिलं 'अ‍ॅप' तेच.

त्याच सुमारास बांगलादेशात वेगळं घडत होतं. १९९७ पासून तिथं ग्रामीण बँकेच्या गटातल्या बायांना मोबाइल घ्यायला कर्ज मिळायला लागलं. गावात दुसरा फोन नाही. ज्याला बोलायचं तो त्या बाईच्या अंगणात यायचा, मिनिटाचे पैसे द्यायचा. गावचा पाटील असो की व्यापारी, फोनसाठी त्याला एका गरीब बाईच्या ओसरीवर उभं राहावं लागायचं. पुढं घरोघर फोन झाले आणि तो धंदा बसला. पण काही वर्षं तरी त्या यंत्राचा खुंटा बाईच्या हातात होता.

आपल्या अमरावती जिल्ह्याचीही एक गोष्ट आहे. मेळघाटात धारणी तालुक्यातलं हरिसाल. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढं आणलं. जंगलातलं कोरकू लोकांचं गाव, जिथं साधी रेंज मिळायची मारामार. टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवायचा प्रयोग तिथं झाला, गावातून शहरातल्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलायची सोय करायचं ठरलं. २०१९ च्या निवडणुकीत तर हरिसाल राज्यभरच्या सभांत गाजलं. एक बाजू म्हणे सगळं झालं, दुसरी म्हणे काहीच नाही. टॉवर आहे का, वेग किती आहे, यावर खूप भांडण झालं. घरात फोन आहे तो बाईला हातात मिळतो का, हा प्रश्न त्या भांडणात मी तरी ऐकला नाही.

पण दोनच वर्षांनी बायांनी स्वतः एक प्रश्न विचारला, आणि तो मोठ्यानं विचारला. अंगणवाडी सेविकांना सरकारनं मोबाइल दिले होते. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचं अ‍ॅप आलं. मुलांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी, सगळं त्यात भरायचं. फोन जुने, तापायचे, बंद पडायचे, आणि अ‍ॅप इंग्रजीत. चूक झाली की जाब सेविकेला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोर्चे काढून ते फोन सरकारला परत केले. "आम्हाले शिकता येत नाही," असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, चांगला फोन द्या आणि अ‍ॅप मराठीत द्या. पुढं अ‍ॅप मराठीत आलं. यंत्र समजलं नाही की बाई स्वतःलाच अडाणी म्हणून घेते; या बायांनी यंत्राचं चुकतं कुठं ते दाखवलं. मोबाइलच्या इतिहासात ही नोंद कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा मोठ्या अक्षरात व्हायला पाहिजे.

आता तुमच्या हातातल्या फोनबद्दल. हातात म्हणते, पण खरंच आहे का? २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावच्या एका बाईला मिळाला. त्यानंतर आधार बँकेला जोडलं, बँक मोबाइलला जोडली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि महिन्याचे पैसे थेट बाईच्या आधार जोडलेल्या खात्यात यायला लागले. खातं तिचं, आधार तिचं, अंगठा तिचा. पण मोबाइल नंबर कोणाचा दिला? फॉर्म भरताना जो घरात होता त्याचा. नवऱ्याचा, पोराचा, कधी भाच्याचा, कधी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचासुद्धा. मग पैसे आल्याचा मेसेज त्याला जातो, ओटीपी त्याला जातो. बाई विचारते, "काहो, माहे पैसे आले काय?" आपल्याच पैशाबद्दल दुसऱ्याला विचारायचं. ही तर दळणाच्या पैशाचीच गोष्ट झाली.

आणि याहून अवघड गोष्ट आहे. आपल्या अमरावती-अकोल्यात ज्या घरांतला कर्ता पुरुष आत्महत्येनं गेला, किंवा अचानक कशानंही गेला, तिथं बाईच्या हातात लॉक लागलेला फोन राहतो. बँकेचे मेसेज त्यात, पीक विम्याचा नंबर त्यात, पिन त्याच्याबरोबर गेला. सिम त्याच्या नावावर. एकीकडे सात-बारावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे, दुसरीकडे फोन उघडायला पोराच्या मागं फिरणं. १९८६ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं, आणि पुढं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन पुरुषांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायला सांगितलं गेलं. तेव्हा प्रश्न सात-बारावरच्या नावाचा होता. तो सुटलेला नाही, आणि त्याला सिमकार्डावरच्या नावाचा प्रश्न येऊन चिकटला आहे.

म्हणून अ‍ॅप सांगते ती थोडीच, आणि तुमच्या हाती काही येईल अशीच.

पहिलं 'संचार साथी'. सरकारचं आहे, फुकट आहे. आपल्या नावावर कोणकोणते नंबर चालू आहेत ते त्यात दिसतं. आपल्याला ठाऊक नसलेला नंबर दिसला तर तिथूनच तक्रार होते. फोन हरवला, चोरीला गेला, तर तो बंदही करता येतो.

दुसरं 'ई-पीक पाहणी'. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालं. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, की सात-बारावर पिकाची नोंद होते. नुकसानभरपाई असो की तूर-कापसाची सरकारी खरेदी, ही नोंद मागतात. तुमच्या नावावर एक एकर असेल तरी त्याची पाहणी तुम्ही स्वतः करा. फोटो काढायला मिशा लागत नाहीत.

तिसरं 'दामिनी'. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं आहे. आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडायचा धोका असला तर सांगतं. मृगात निंदणाला गेलेल्या बाया पाऊस आला की झाडाखाली धावतात, आणि नेमकं तेच धोक्याचं. दहा जणींच्या टोळीत एकीच्या फोनमध्ये दामिनी असलं तरी पुरे. फक्त तो फोन शेतात तिच्याजवळ पाहिजे, घरी खुंटीला नको.

पैसे पाठवायच्या यूपीआयचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये ते सुरू झालं. साधा बटणाचा फोन असला तरी २०२२ पासून यूपीआयची सोय त्यावर आहे, बँकेत विचारा. एक नियम पाठ करून ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाऊ शकतात. कोणी म्हणालं, "ताई, तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका," तर फोन ठेवून द्या. फसलातच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोनवर माइकचं चिन्ह असतं. ते दाबून मराठीत बोला, फोन लिहून घेतो. आपली वऱ्हाडी त्याला कधी-कधी समजत नाही, 'काहून' म्हटलं की भलतंच लिहितो. दोनदा सांगा. सुनेला नाही का सांगत?

हे सगळं करायच्या आधी एक काम गटात बसून करा. येत्या बैठकीला प्रत्येकीनं पासबुक, आधार कार्ड आणि घरात असेल तो फोन आणा. कोणाच्या खात्याला कोणाचा नंबर आहे ते एकेकीचं तपासा. दुसऱ्याचा नंबर निघाला तर बँकेत अर्ज देऊन तो बदलता येतो, आणि आधारचा नंबर आधार केंद्रावर बदलून मिळतो. तिथं पैसे घेतले की पावती मागा. स्वतःच्या नावाचं सिम नसेल तर आधी ते घ्या, नंबर बदलायला मग जा. पिन पोरानं टाकून दिला असेल तर तो बदलून घ्या, त्यालाच बदलायला सांगा आणि आकडे तुम्ही टाका. पोरगा रुसला तर रुसू द्या, संध्याकाळी जेवायला येतोच.

आणि फोन आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवा. पारस कितीही जवळ असलं तरी लाइनचा भरवसा नाही.